शून्य फिरवला की काय होतं? जुन्या फोनच्या डायलचं दुखणं आणि उपाय

बोटाने नुसती काच टोकरायची वेळ आली तरी आपण अजून ‘नंबर फिरव’ असंच म्हणतो. यंत्र गेलं, क्रियापद राहिलं. आणि आता यंत्रही परत येतंय. मुंबई-ठाणे-पुण्यात एकामागून एक इमारती पुनर्विकासाला जात आहेत, माळे रिकामे होत आहेत आणि पितळी घंगाळ, बंद पडलेला रेडिओ, पाटा-वरवंटा यांच्या जोडीने तो जड काळा फोनही खाली उतरतोय. मावशीकडचा असाच माझ्या पदरात पडला. पुसून टेबलावर ठेवला, हौसेने शून्य फिरवला. तबकडी निम्म्यापर्यंत परतली, थोडी थबकली आणि मग एखादी म्हातारी जिना चढते तशी टेकत टेकत जागेवर आली.

जोडून पाहिला तर लागलेला नंबर भलताच.

‘जुना झाला, मोडला’ असं म्हणून बरेच जण इथेच थांबतात आणि तो शोकेसमध्ये ठेवतात. पण या डायलमध्ये मोडण्यासारखं फारसं नसतंच. तिचं दुखणं बहुतेकदा एकच असतं: तिची वेळ चुकते. हे पटायचं असेल तर आधी ती करते काय ते पाहायला हवं, कारण ती नंबर पाठवते ही आपली समजूतच मुळात चुकीची आहे.

## ती नंबर पाठवत नाही, लाइन तोडते

जुन्या पद्धतीच्या फोनला दोन तारा येतात. रिसीव्हर उचलला की त्या दोन तारांमधून एक्सचेंजकडचा बारीकसा प्रवाह वाहू लागतो. एक्सचेंजला कळतं, कोणीतरी फोन उचलला. ते ‘घूंऽऽ’ असा डायल टोन देतं, म्हणजे ‘बोला, कोण हवंय?’

आता समजा तुम्ही रात्री खिडकीत उभे आहात आणि समोरच्या इमारतीतल्या मित्राला पाच हा आकडा कळवायचा आहे. ओरडायचं नाही, फोन नाही. काय कराल? खोलीतला दिवा पाच वेळा विझवून पेटवाल. डायल नेमकं हेच करते. पाच फिरवला की वाहता प्रवाह पाच वेळा तुटतो आणि पाच वेळा जुळतो. अशा एका तुटण्या-जुळण्याला ‘पल्स’ म्हणतात. एकाला एक पल्स, नवाला नऊ, शून्याला दहा. शून्य पल्स म्हणजे काहीच न पाठवणं झालं असतं, म्हणून शून्य नवाच्या पलीकडे, सगळ्यात लांब बसलाय.

एक गोष्ट लहानपणी माझ्या लक्षात आली नव्हती. आकडा जातो तो तबकडी आपण फिरवताना नव्हे, ती परत येताना. बोटाने ओढतो तेव्हा फक्त आतली स्प्रिंग आवळली जाते. बोट काढलं की स्प्रिंग तबकडीला मागे खेचते आणि त्या परतीच्या वाटेवर पल्स पडतात. सायकलचं पॅडल उलटं फिरवलं की नुसतं ‘कर्रर्र’ होतं, चाक फिरत नाही, कारण फ्रीव्हीलमधले कुत्रे (छोटे खटके) एकाच दिशेला दात धरतात. डायलमध्येही तशीच सोय असते. म्हणून तुम्ही रागाने फिरवा की प्रेमाने, एक्सचेंजला त्याचा पत्ता नसतो. मात्र परत येणाऱ्या तबकडीला बोटाने ढकलून घाई केलीत, तर ती घाई थेट तारेवर जाते. ‘बोट काढ, तिची ती येऊ दे’ असं मोठी माणसं ओरडायची त्यात अर्थ होता.

## पलीकडे ऐकणारा कोण?

कॅन्सस सिटीत ऑल्मन स्ट्रोजर नावाचा एक गृहस्थ होता. धंदा अंत्यसंस्काराचं सामान आणि व्यवस्था पुरवण्याचा. गोष्ट अशी सांगतात की गावातल्या प्रतिस्पर्ध्याची बायको टेलिफोन ऑपरेटर होती आणि स्ट्रोजरसाठी आलेले फोन ती नवऱ्याकडे वळवायची. गोष्टीला मीठमसाला किती लागला असेल तो असो, पण १८९१ मध्ये स्ट्रोजरला ऑपरेटरविना चालणाऱ्या एक्सचेंजचं पेटंट मिळालं हे खरं. त्याच्या पहिल्या योजनेत डायल नव्हतीच, बटणं मोजून मोजून दाबायची होती. फिरणारी डायल त्याच्या सहकाऱ्यांनी काही वर्षांनी आणली. आपल्याकडे सिमल्याला १९१३-१४ मध्ये ७०० लाइनींचं पहिलं स्वयंचलित एक्सचेंज उभं राहिलं.

स्ट्रोजरच्या यंत्राचा गाभा समजायला गिरगावातली चाळ डोळ्यांसमोर आणा. चाळीला दहा मजले (अशी चाळ नसते, पण घटकाभर माना) आणि प्रत्येक मजल्यावर दहा खोल्या. एकूण शंभर बिऱ्हाडं. तुम्ही चार फिरवलात की एक दांडा एकेक पल्सला एकेक मजला चढत चौथ्या मजल्यावर जातो. मग सात फिरवलात की तोच दांडा आडवा वळत सातव्या खोलीपाशी थांबतो. ४७ नंबरचं दार सापडलं, घंटा वाजवा. नंबराचे शेवटचे दोन आकडे असे खर्ची पडतात. त्याआधीचे आकडे कुठल्या गल्लीतली कुठली चाळ हे ठरवायला लागतात.

या दांड्याला अक्कल नसते. पल्स आली की एक पायरी, बस्स. पल्स फार घाईने आल्या तर ओढणाऱ्या चुंबकाला एक पायरी पुरी करायला सवड मिळत नाही आणि चौथ्याऐवजी तिसऱ्याच मजल्यावर तो थांबतो. आणि फार सावकाश आल्या तर? चार संपले आणि पुढचा आकडा सुरू होणार हे यंत्राला कळतं कशावरून? मधल्या शांततेवरून. थोडा वेळ पल्स आली नाही की ते समजतं, हा आकडा संपला. म्हणजे तुमची डायल मध्येच रेंगाळली तर एका सातचे चार आणि तीन असे दोन आकडे होऊ शकतात. मावशीच्या फोनने माझ्या बाबतीत हेच केलं होतं.

म्हणून सगळ्यांनी एक चाल ठरवून घेतली: सेकंदाला दहा पल्स. त्या प्रत्येक दशांश सेकंदातही साधारण दोन भाग लाइन तुटलेली आणि एक भाग जुळलेली. भारतात ब्रिटिश धाटणीच्या डायलसाठी हेच प्रमाण. अमेरिकेत थोडं वेगळं, साठास चाळीस.

## मग ती तबकडी नव्हे, घड्याळच

सेकंदाला दहा, ना नऊ ना अकरा. हे एका स्प्रिंगकडून करून घ्यायचं, विजेशिवाय, वर्षानुवर्षं, आणि तेही पोरं हातोडीसारखी बोटं घालत असताना. मला या सगळ्या प्रकरणात थक्क करतं ते हे.

अडचण अशी की स्प्रिंगला (घड्याळजी जिला कमान म्हणतात) स्वतःचा असा वेग नसतो. पूर्ण आवळलेली असेल तर ती जोरात खेचते, सुटत आली की मवाळ होते. तिच्या भरवशावर शून्याचे पहिले पल्स धावत सुटतील आणि शेवटचे रांगतील. हिला लगाम घालणारा एक छोटा भाग डायलच्या पोटात असतो. त्याला ‘गव्हर्नर’ म्हणतात. सगळी दुरुस्ती शेवटी याच्याभोवती फिरते, म्हणून याच्याकडे जरा नीट पाहू.

एका बारीक दांड्यावर दोन पात्या आणि त्यांच्या टोकांना दोन वजनं. हे सगळं एका छोट्या वाटीत बसवलेलं. तबकडी हळू परतत असली तरी दातऱ्या चाकांमुळे हा दांडा मात्र गरागरा फिरतो. आता ज्वारीच्या शेतात पाखरं हाकणारी गोफण आठवा. गोफण जितकी जोरात गरगरेल तितका दगड बाहेर ओढ घेतो. इथेही वजनं बाहेर ओढ घेतात आणि वाटीच्या आतल्या कडेला घासतात. घासली की वेग कमी. वेग कमी झाला की पात्या वजनांना आत ओढतात, घासणं कमी, वेग पुन्हा वाढतो. ही बाहेरची ओढ वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढते, म्हणजे वेग दुप्पट झाला तर ओढ चौपट. त्यामुळे वेग थोडा जरी चढला तरी लगाम लगेच आवळला जातो. रिसीव्हर खाली ठेवून शून्य फिरवा आणि कान जवळ न्या. ती जी एकसुरी ‘घर्रर्र’ ऐकू येते, ती हीच.

पल्स पाडायचं काम त्या मानाने साधं आहे. दातऱ्या चाकासारखी एक चकती फिरते आणि तिचा प्रत्येक दात दोन पातळ पट्ट्यांना क्षणभर अलग करतो. या पट्ट्यांच्या टोकांना कॉन्टॅक्ट म्हणतात. शेजारी पट्ट्यांची आणखी एक जोडी असते. तबकडी जागेवरून हलली की ती रिसीव्हरचा आवाज दाबून टाकते, नाहीतर प्रत्येक पल्सचा ‘खट’ आपल्या कानात बसला असता. तबकडी पूर्ण परतली की आवाज पुन्हा मोकळा.

## कुलूप, ९९९ आणि टेलिफोनची गणितं

एवढं कळल्यावर घरोघरच्या एका जुन्या खटल्याचा निकाल लावता येतो. बिल फार येतं म्हणून डायलच्या भोकात छोटं कुलूप घालायची पद्धत होती. कुलूप कुठल्या भोकात घालायचं यावर घरात मतभेद असत. खरं उत्तर: एकच्या. कारण तबकडी फिरली की कुलूप जाऊन अडणीला (बोट जिथे थांबतं त्या धातूच्या पट्टीला) आपटतं आणि तिथेच थांबतं. एकच्या भोकात घातलं तर जास्तीत जास्त एक फिरतो. तीनच्या भोकात घातलं असेल तर एक, दोन, तीन सगळं फिरवता येतं.

आणि त्या कुलपाला वळसा घालणारी मुलंही होतीच. रिसीव्हर ठेवायच्या जागी जी खटकी असते ती तीच लाइन तोडते जी डायल तोडते. चार वेळा टकटक केलं की चार, थोडं थांबून सात वेळा टकटक केलं की सात. हात बसलेला असेल तर कुलूप तसंच राहून फोन लागायचा. बिल आलं की वडील कुलपाकडे संशयाने बघत बसायचे.

लंडनमध्ये १९३७ साली आणीबाणीचा नंबर ९९९ ठेवला त्यामागेही पल्सच होत्या. १११ का नाही? कारण वाऱ्याने दोन तारा एकमेकींना लागल्या तरी एक-एक पल्स पडू शकते, मग पोलीस उगाच धावत सुटतील. नऊ-नऊ-नऊ म्हणजे २७ पल्स, ते चुकून घडणं कठीण. न्यूझीलंडमध्ये मात्र आणीबाणीचा नंबर १११ आहे. तिथल्या डायलवर आकडे उलट्या क्रमाने होते आणि एक फिरवला की नऊ पल्स जात. म्हणजे २७ तिथेही!

अमेरिकेने १९४७ मध्ये शहरांना क्रमांक वाटले तेव्हा सगळ्यात कमी पल्सचा २१२ न्यूयॉर्कला गेला. त्याला जेमतेम पाच पल्स लागतात. जास्त फोन तिथे, तर बोटाला श्रमही तिथेच कमी. आपल्याकडे दिल्ली ०११ ला १२ पल्स, मुंबई ०२२ ला १४, कोलकाता ०३३ ला १६, चेन्नई ०४४ ला १८.

## आता दुखणं ओळखू

डायल उघडायच्या आधी नुसतं ऐका आणि बघा. निम्मं निदान तिथेच होतं.

तबकडी सावकाश येते किंवा वाटेत अडते, तर आतलं जुनं ग्रीस वाळून डिंकासारखं झालंय आणि त्यावर धूळ बसलीय. दहातल्या आठ डायलींचं दुखणं हेच असावं, असा माझा अंदाज. उलट ती सुसाट येत असेल आणि ‘घर्रर्र’ऐवजी ‘झर्रकन’ असा आवाज असेल, तर गव्हर्नरच्या वाटीत कोणीतरी तेल सोडलंय किंवा एखादी पाती वाकलीय.

वेग बरोबर वाटतो, पण नंबर चुकतो किंवा लाइनवर खरखर येते? कॉन्टॅक्ट मळलेत. कोकणातून किंवा समुद्राजवळच्या घरातून आलेल्या फोनमध्ये पितळेवर हिरवट थर हमखास दिसतो. आकडा फिरवला तरी डायल टोन तसाच ‘घूंऽऽ’ करत राहिला, तर पल्सच्या पट्ट्या उघडतच नाहीत. आणि आकडा फिरवल्यावर रिसीव्हर मुका झाला, तर आवाज दाबणारी जोडी अडकलीय. बऱ्याचदा तबकडी शेवटचा केसभर भाग परतलेली नसते, एवढंच. बोटाने हलकेच मागे सारा. आवाज परत आला तर निदान पक्कं.

## उघडताना

पहिली गोष्ट, लाइन काढा. नुसता पडून असताना तारेवर साधारण ४८ व्होल्ट असतात, त्याने विशेष काही होत नाही. पण तुमचं बोट आत असताना नेमका कोणाचा फोन आला तर घंटा वाजवणारा जो प्रवाह येतो तो ७५-९० व्होल्टचा असतो. जीव जात नाही, पण हातातला स्क्रूड्रायव्हर मात्र लांब जाऊन पडतो. (अनुभव आहे.)

दुसरी गोष्ट, फोटो. प्रत्येक तार सोडण्याआधी मोबाइलने फोटो काढा. डायलला चार-पाच तारा असतात आणि त्यांचे रंग पन्नास वर्षांत सगळे एकाच मळकट रंगाचे होतात. नुसत्या आठवणीवर विसंबू नका.

फोनचं झाकण उघडलं की डायल एक अख्खा गट्टा म्हणून बाहेर येते. तबकडी काढायची तर मधल्या गोलातली नंबर लिहायची कागदी चिठ्ठी आणि तिच्यावरचं पारदर्शक झाकण आधी निघतं, खाली स्क्रू दिसतो. इथे सावध. काही बनावटींत हा स्क्रू सुटला की स्प्रिंगचे आवळलेले वेढे एकदम सुटतात. तबकडी अंगठ्याने धरून ठेवा, हळूहळू सोडा आणि किती वेढे सुटले ते मोजून कागदावर लिहा. परत बसवताना तेवढेच द्यायचे. कमी दिलेत तर शून्य शेवटी दमेल, जास्त दिलेत तर स्प्रिंग शेवटपर्यंत आवळली जाऊन अडेल.

तबकडी काढायची गरज नसेल तर काढूच नका. डायल पालथी केली की गव्हर्नर आणि कॉन्टॅक्ट दोन्ही समोरच असतात आणि दुखणं बहुधा तिथेच असतं.

साफ करायला आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या, मोबाइल दुरुस्तीवाल्यांकडे असतं तेच. बारीक ब्रशने दातऱ्या चाकांवरचं वाळलेलं ग्रीस भिजवून काढा. चाकं एकेक दात पुढे सरकवत जा, नाहीतर एक दात मळका राहतो आणि तबकडी प्रत्येक फेरीला नेमकी तिथेच अडखळते. छापील आकड्यांच्या चकतीला मात्र अल्कोहोल लावू नका. आकडे पुसले गेले तर घरात बोलणी खावी लागतील.

कॉन्टॅक्टसाठी व्हिजिटिंग कार्डाची बारीक पट्टी कापा, अल्कोहोलमध्ये बुडवा, दोन पट्ट्यांच्या मध्ये सरकवा, त्या हलक्या दाबून धरा आणि कार्ड ओढून काढा. कार्डावर काळी रेघ उमटेल. रेघ उमटेनाशी होईपर्यंत हे करा. पॉलिश पेपर नाही, ब्लेडही नाही. त्या टोकांवर चांगल्या धातूचा पातळ थर असतो. तो घासून गेला की आज फोन झकास चालेल आणि पावसाळा संपेपर्यंत पुन्हा मुका होईल.

## ‘एवढं कशाला? दोन थेंब तेल सोडलं की झालं!’

हा आक्षेप प्रत्येक घरातून येतो आणि रॉकेलची बाटलीही पाठोपाठ येते. रॉकेल मळ सोडवतं, हे खरं. पण मागे तेलकट पापुद्रा ठेवतं आणि त्यावर धूळ दुप्पट जोमाने बसते. गंज सोडवणाऱ्या स्प्रेचंही तेच. त्या दिवशी तबकडी लोण्यासारखी फिरते, वर्षाने पुन्हा डिंक. खोबरेल तर नकोच, थंडीत ते डायलच्या आत थिजेल.

खरी गोम गव्हर्नरपाशी आहे. तिथे घर्षण हा दोष नसून तेच काम आहे. वजनं वाटीला घासली पाहिजेत. त्या वाटीत तेल सोडणं म्हणजे सायकलच्या ब्रेकच्या रबरांना तेल लावण्यासारखं. वाटीची आतली कड आणि वजनांची टोकं अल्कोहोलने पुसून अगदी कोरडी ठेवा. दांड्यांची टोकं जिथे भोकांत फिरतात तिथे मात्र तेल हवं. शिलाई मशीनचं चालेल, पण किती? सुई तेलात बुडवून बाहेर काढल्यावर टोकाला जेवढं राहतं तेवढं, एका ठिकाणी एकदा. पल्सच्या पट्ट्यांना अजिबात नाही.

माझ्या अनुभवात साफसफाई इथवर झाली की बहुतेक डायली स्वतःहून मार्गी लागतात. काही घालण्यापेक्षा आधीच्या लोकांनी घातलेलं काढण्यातच जास्त वेळ जातो.

## वेग मोजायचा कसा?

टेलिफोन खात्याकडे यासाठी खास यंत्रं असत. आपल्याकडे मोबाइल आहे. आवाज रेकॉर्ड करणारं आणि त्याची लहर दाखवणारं कुठलंही ॲप उघडा, मोबाइल डायलजवळ धरा, शून्य फिरवा. लहरीत दहा टोकं दिसतील. पहिल्या टोकापासून दहाव्यापर्यंत किती वेळ गेला ते बघा.

इथे बरेच जण फसतात. दहा पल्स, सेकंदाला दहा, म्हणजे एक सेकंद यायला हवा ना? नाही. कुंपणाला दहा खांब रोवले तर मधली अंतरं नऊच होतात. त्यामुळे पहिल्या ते दहाव्या टोकापर्यंत ०.९ सेकंद आला की डायल बरोबर. एक सेकंद येत असेल तर ती सेकंदाला नऊच पल्स देतेय. सर्वसाधारणपणे नऊ ते अकराच्या दरम्यान चालून जातं. नुसत्या एकूण वेळेवर जाऊ नका. टोकांमधली अंतरं सारखी आहेत का तेही बघा. एकच अंतर लांब असेल तर तो मळका राहिलेला दात आहे. परत ब्रश घ्या.

साफ करूनही वेग चुकत असेल, तरच गव्हर्नरच्या पात्यांना हात लावा. पात्या किंचित आत वाकवल्या की वजनं वाटीला उशिरा लागतात आणि वेग वाढतो. बाहेर वाकवल्या की वेग उतरतो. दोन्ही पात्या सारख्याच वाकवायच्या, आणि ‘किंचित’ म्हणजे डोळ्याला जेमतेम कळेल एवढंच. माझ्या हातून एकदा एक पाती जास्त वाकली आणि ती पुन्हा जागेवर आणण्यात अख्खा रविवार गेला.

घरात मल्टिमीटर असेल तर शेवटची एक तपासणी करा. त्याची ‘बीप’ची सेटिंग लावून टोकं पल्सच्या दोन पट्ट्यांना टेकवा. तबकडी जागेवर असताना सलग बीप हवी. शून्य परतताना ती दहा वेळा तुटली पाहिजे. नऊदा तुटली तर पट्ट्यांमधली फट कमी आहे.

## ‘पण हा फोन आता चालणार तरी कुठे?’

रास्त प्रश्न. तांब्याच्या तारेवर अजून लँडलाइन असेल तर पुष्कळदा तो अजूनही चालतो, कारण कित्येक नव्या एक्सचेंजनाही पल्स कळतात. पण आता घरोघरी फायबर आलंय आणि फोन त्या पांढऱ्या डब्याच्या मागे जोडायचा असतो. या डब्यांना बटणांचे सूर कळतात (प्रत्येक बटण दाबलं की दोन सूर एकत्र वाजतात, १९६३ पासूनची पद्धत), तुटणाऱ्या लाइनीची भाषा मात्र त्यातल्या बऱ्याच जणांना येत नाही. डबा नाही म्हणाला तर मध्ये जोडायचं एक छोटं यंत्र मिळतं, ते पल्स मोजून त्यांचे सूर करून देतं. दुसरी अडचण घंटेची. जुन्या फोनची पितळी घंटा वाजवायला दम लागतो आणि काही डब्यांना तो नसतो. मग फोन येतो तेव्हा घंटा नुसती हुंदका देते.

‘मग आत मोबाइलचं सर्किटच बसवून टाकू, डायल शोभेला राहील’ असं एका भाच्याने सुचवलं. करता येतं. पण त्या सर्किटलाही डायलच्या पल्सच मोजाव्या लागतात. डायल चुकली तर तेही चुकणार. तिच्यातून सुटका नाही.

आणि बाजारातून नवा-जुना घेणार असाल तर एक करा. पितळी, नक्षीदार, ‘अँटिक’ म्हणून विकल्या जाणाऱ्या बऱ्याच फोनना डायल नसतेच, गोलात मांडलेली बटणं असतात. भोकात बोट घालून फिरवून बघा. फिरलं नाही तर पुढचं दुकान.

मावशीचा फोन शेवटी ०.९२ वर आला. डब्याला जोडून तिच्याच मोबाइलवर लावून बघितला. २०२१ च्या जानेवारीपासून लँडलाइनवरून मोबाइलला आधी शून्य लावावा लागतो, म्हणजे सुरुवातीलाच दहा पल्स आणि पुढे दहा आकडे. तिच्या नंबरात नऊच चार आहेत. सातवा आकडा फिरवेपर्यंत डब्याने कंटाळून लाइन सोडून दिली. मग ती पुढे सरसावली, मला बाजूला केलं, आणि तबकडी जागेवर येताच बोट पुढच्या आकड्यावर नेण्याची काहीतरी जुनी लकब वापरून सगळे अकरा आकडे एका दमात फिरवले. तिच्या पर्समध्ये मोबाइल वाजला.